पावतीच्या खालच्या ओळी

(दृश्य: चीनची राजधानी पेइचिंग, म्हणजे बीजिंग. तिथलं कृषी संग्रहालय. कांस्यपात्राच्या पायांपासून वर सरकणारा कॅमेरा.)

अडीचशे किलोंचं हे कांस्यपात्र घडवलंय हबेई प्रांतातल्या लिंगशौ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं. तेही पदरमोड करून, २००६ साली. निमित्त एकच, शेतसारा माफ झाला.

(दृश्य: जुनं धान्यकेंद्र, गंजलेलं फाटक.)

सुगीत या फाटकाशी पहाटेपासून रांग लागायची. सारा धान्यानं भरायचा. तपासनीस पोत्यात पोकळ सळई खुपसणार, निघालेला दाणा दाताखाली फोडणार. कडकन वाजला तर पास. नाही वाजला तर, "ओला आहे, वाळवून आण." की पोती परत रस्त्यावर पसरायची.

(दृश्य: पावती, अगदी जवळून.)

पण खरा जाच सुरू व्हायचा साऱ्याच्या ओळीखाली. गावाच्या तीन पट्ट्या, 'श्यांग'च्या पाच. श्यांग म्हणजे आपल्याकडचं महसूल मंडळच समजा, फक्त स्वतःचं सरकार आणि कम्युनिस्ट पक्षाचा सचिव असलेलं. शाळा, कुटुंबनियोजन, रस्ते, सैनिकांची कुटुंबं, गावरक्षक दल, सगळ्यांची वर्गणी इथेच. वर कत्तलकर. तो डुकरामागे घ्यायचा, पण कित्येक ठिकाणी माणशी वाटून टाकला. गोठ्यात डुक्कर असो-नसो.

१९९१च्या नियमानं या पट्ट्यांना मर्यादा घातली होती: आदल्या वर्षीच्या दरडोई निव्वळ उत्पन्नाच्या पाच टक्के. आता हे उत्पन्न लिहिणार कोण? वसुली करणारेच. आकडा फुगवला की पाच टक्केही फुगले.

१९९४मध्ये करांची नवी वाटणी झाली. मोठा वाटा पेइचिंगकडे गेला. शाळा आणि मास्तरांचे पगार खालच्यांच्या गळ्यात राहिले. श्यांगनं हात घातला तो शेतकऱ्याच्याच खिशात.

(दृश्य: हूबेई, हबेईहून वेगळा प्रांत. तिथला च्यानली तालुका. भातखाचरं, बंद घरं.)

मार्च २०००. इथल्या छीफान श्यांगचे पक्षसचिव ली छांगफिंग यांनी थेट पंतप्रधान चू रोंगची यांना पत्र लिहिलं: शेतकरी खरंच हलाखीत आहे, खेडं खरंच गरीब आहे, शेती खरंच धोक्यात आहे. वसुली ज्यांच्या हाताखाली चालायची, त्यांचंच हे पत्र. त्याच वर्षी त्यांनी खुर्ची सोडली.

त्याच वर्षी आनहुई प्रांतात पट्ट्या रद्द करण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि १ जानेवारी २००६पासून देशभरातला शेतसारा गेला. श्यांगची कमाई आटली, कर्जं राहिली, बऱ्याच श्यांग एकमेकींत विलीन झाल्या, आणि स्थानिक सरकारांची नजर जमिनीच्या विक्रीकडे वळली.

(दृश्य: पुन्हा कांस्यपात्र. कोरलेल्या अक्षरांवरून सरकणारा कॅमेरा. निवेदन नाही.)