परसातले फळ आणि त्याची हकिकत

(चतुर्थीनंतर गोव्यात फोंडा तालुक्यातील एका गावी परसबाग करणाऱ्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप.)

श्रोतेहो, बोलायला सुरुवात करण्यापूर्वी मी एक काम उरकून घेते. आपल्यापैकी एका वहिनींनी मिरचीचे रोप मुळासकट उपटून आणले आहे. पाने हिरवीगार आहेत, त्यांवर डाग नाही की कीड नाही, आणि तरीही दोन-तीन दिवसांत रोपाने मान टाकली, असे त्या सांगतात. या रोपाच्या बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून मी तो काचेच्या ग्लासात दोऱ्याने अशा बेताने टांगते आहे की कापलेले टोक स्वच्छ पाण्यात बुडालेले राहील. ग्लास खिडकीपाशी उजेडात असू द्यावा आणि कोणी तो हलवू नये. शेवटी आपण त्याच्याकडे येऊ.

या टेबलावर आपण आज जे मांडले आहे, ते पाहून मला माटोळीची आठवण झाली. आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, तांबड्या भाजीच्या जुड्या, अळसांद्याच्या (चवळीच्या) शेंगा, दोन चिबूड, बियाण्यासाठी राखलेले पिवळेधमक तवशें (काकडी), फागलां (करटुली), आणि कोणाच्या तरी कुळागरातले तोरिंजन. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला आपण जी फळे-फुले बांधतो, ती पूजेचा भाग तर आहेतच. पण माटोळी म्हणजे त्या वर्षी आपल्या परसात आणि जवळच्या रानात काय काय पिकले, याची उघडी मांडणीही आहे. चतुर्थीत एकमेकांच्या घरी गेल्यावर माणसे वर पाहतात आणि विचारतात, "हे तुम्हाला कुठे मिळाले?" कांगलां, घागऱ्या, कवंडळ ही नावे ज्या मुलांना येतात, त्यांना ती कोणी तरी माटोळीखाली उभे करून सांगितलेली असतात. तिसवाडीतील तळावलीच्या सांत आना चर्चमध्ये जुलैअखेरीस तवशाचे फेस्त होते, तेव्हा परसातले तवशेंच अर्पण केले जाते. आपले पीक चार जणांसमोर ठेवण्याची सवय या भूमीला जुनी आहे.

मला आज जे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. आपण भाजी मोकळ्या हाताने वाटतो, परंतु तिची हकिकत वाटत नाही. शेजारीण पिशवीभर भेंडी देते, आपण ती आनंदाने घेतो, आणि बी कुठले होते, पेरणी मिरगाच्या आधी झाली की नंतर, पहिल्या मोठ्या पावसात किती रोपे कुजली, यांतले काहीच विचारत नाही. फोनवर एकमेकांना पाठवलेल्या छायाचित्रांत सर्वांत मोठा दुधी असतो. गळून पडलेल्या वीस कळ्या नसतात. त्यामुळे ज्याच्या कळ्या गळतात त्याला वाटते, हे फक्त माझ्याच परसात घडते आहे.

माझ्या घरची गोष्ट सांगते. फागलांचे दोन कंद मी एका बाजारातून आणून कुंपणापाशी लावले. दोन्ही वेल जोमाने वाढले, पिवळी फुले भरभरून आली, आणि पावसाळा संपेपर्यंत एकही फळ धरले नाही. मी शेण घातले, राख घातली, पुढच्या वर्षी मांडव बदलला, तरी तेच. लाज वाटून मी कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजी फुले काढायला आल्या. त्यांनी एक फूल तोडले, उलटे धरले, पाकळ्यांच्या खालची जागा अंगठ्याने चाचपली आणि म्हणाल्या, "बाय, हे दोन्ही दादले." फागलांच्या वेलात नर आणि मादी वेगवेगळे असतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बारीक काट्यांचे इवलेसे फळ आधीच दिसते. नराच्या खाली नुसता देठ असतो. आठ-दहा मादी वेलींना एक नर वेल पुरतो, आणि माझ्याकडे दोन्ही नरच होते. आजींनी मला आपल्या परसातल्या मादी वेलाचा कंद दिला, आणि तो देताना त्यावर खूण म्हणून तांबडा दोरा बांधला. मी पहिल्याच वर्षी विचारले असते, तर दोन पावसाळे वाया गेले नसते.

दुधी, दोडका, तवशें, भोपळा यांचे तसे नाही. त्यांच्या एकाच वेलावर दोन्ही फुले येतात, आणि सुरुवातीला बहुधा नुसती नर फुले येतात, म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस फुले गळाली तर घाबरू नये. पुढे मादी फुले येऊनही बोटाएवढी फळे पिवळी पडून गळत असतील, तर मात्र परागकण पोहोचत नाहीत असे समजावे. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. संततधार लागली की मधमाशा बाहेर पडत नाहीत आणि परागकणही भिजून निकामी होतात. अशा वेळी हे काम आपल्या हाताने करावे लागते. नर फूल तोडावे, पाकळ्या मागे मुडपाव्या आणि त्याचा पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. यात वेळ महत्त्वाची आहे, आणि तिथेच अनेकांची चूक होते. तवशें, भोपळा, घोसाळें यांची फुले सकाळी उमलतात. दुधीची पांढरी फुले आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. सकाळी आठ वाजता दुधीच्या कोमेजलेल्या फुलाशी खटपट करून काहीही साधत नाही.

आज चिठ्ठीवर आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच स्वरूपाचे आहेत: "तवशाच्या शेजारी चिबूड लावला, म्हणून तवशें कडू झाले का?" ही समजूत गोव्यात घरोघरी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. तवशें आणि चिबूड एकाच कुळातले असले, तरी तवशाच्या पेशीत 14 गुणसूत्रे असतात आणि चिबडाच्या पेशीत 24. त्यांचा आपसांत संकर होत नाही. शिवाय, संकर झाला असता तरी त्याचा परिणाम त्या फळाच्या गरात दिसला नसता, कारण गर हा आईवेलाचाच असतो. तो दिसला असता पुढच्या वर्षी, त्या बियांतून उगवलेल्या वेलांत. कडवटपणा येतो तो वेलाच्या स्वतःच्या कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे. हे द्रव्य पानांत आणि देठांत असतेच; पाण्याची ओढ बसली आणि ऊन तापले की ते फळात वाढते, विशेषतः देठाकडच्या भागात आणि सालीखाली. ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप मिळते, पाऊस आहे म्हणून आपण पाणी घालत नाही, आणि उतारावरची तांबडी माती चार दिवसांत सुकून जाते. तेव्हाची फळे कडू लागली तर दोष चिबडाला देऊ नये. देठाकडचा तुकडा कापून टाकून पुढचा चाखून पाहण्याची आपल्या घरांतली रीत अगदी योग्य आहे. ज्या वेलाचे प्रत्येक फळ कडू निघते, त्याचे बी मात्र ठेवू नये. आणि दुधीच्या बाबतीत मी आग्रहाने सांगते: दुधी कडू लागला तर तो शिजवूनही खाऊ नये आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

आता या भेंडीकडे पाहा. नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात. हिला मोजून सात आहेत. आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी आणि मानकुराद आंबा यांना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने बी टिकत नाही. ते कोणी तरी दरवर्षी पेरून, निवडून, वाळवून ठेवले तरच टिकते. भेंडीचे फूल एकच दिवस उमलते आणि त्यावर मधमाशा, भुंगे येतात, त्यामुळे शेजारी पाच शिरांची संकरित भेंडी असेल तर दोन्ही मिसळतात. बियाण्यासाठी निवडलेल्या झाडाची उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून तिथे दोरा बांधावा. त्या शेंगा कोवळ्या असताना तोडण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो. बी वाळवताना आपल्या दमट हवेचा विचार करावा. माझी आजी तवशाच्या बिया राखेत घोळून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवत असे. आज चूल नाही, पण कोरडी राख आणि घट्ट झाकणाची बाटली मिळू शकते. आणि बाटलीवर चिठ्ठी असावी: कोणाकडून आणले, कोणत्या महिन्यात पेरले, काय बिघडले. शेवटचा शब्द सर्वांत उपयोगी पडतो.

मातीविषयी थोडक्यात. जांभ्या दगडाची आपली माती आम्ल आहे, कारण पावसाचे पाणी तिच्यातले चुन्यासारखे घटक धुऊन नेते. कृषी खात्याकडे माती तपासून घ्यावी आणि मगच चुना घालावा. सगळ्यांनी सरसकट मूठभर चुना टाकण्यात अर्थ नाही.

आता खिडकीपाशी चला. वहिनींनी आधी पाहावे. कापलेल्या टोकातून पांढरट, दुधासारखा धागा सरळ खाली उतरतो आहे आणि तळाशी पाणी गढूळ झाले आहे. हा चीक नव्हे. खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत भरलेले जिवाणू बाहेर पडत आहेत. हा जिवाणूजन्य मर रोग आहे. नळ्या तुंबल्यामुळे मुळाशी ओल असूनही पानांना पाणी मिळाले नाही. वहिनी, तुम्ही पाणी कमी घातले नव्हते आणि यावर फवारण्याचे औषधही नाही. आजारी रोपे मुळासकट काढून जाळावीत, खतकुंडीत टाकू नयेत, आणि त्या वाफ्यातले पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो, म्हणून त्या जागी मिरची, वांगी, टोमॅटो काही वर्षे लावू नयेत. तिथे मका किंवा अळसांदे घ्यावेत आणि मिरची दुसऱ्या मातीच्या पिशव्यांत लावावी. वांगी करणाऱ्यांना रानवांग्याच्या खुंटावर कलम बांधता येते. तो खुंट या रोगाला दाद देत नाही.

ग्लास इथेच राहू दे. ज्यांच्या परसात हिरवे रोप असेच मान टाकते आहे, त्यांनी जवळ येऊन हा धागा नीट पाहून घ्यावा, आणि मग वहिनींनी सर्वांना सांगावे की त्यांनी ही रोपे कुठून आणली होती आणि त्या वाफ्यात गेल्या वर्षी काय लावले होते.