रंग उडाला म्हणजे रायबोफ्लेविन संपलं?

नमस्कार मंडळी! फ्लेविनवर बोला, फ्लेविनवर बोला, असा तगादा लावलात, म्हणून आज बसलेच.

सुरुवातीचं भराभर उरकते. रायबोफ्लेविन म्हणजे व्हिटॅमिन बी-टू, फ्लेविन नावाच्या पिवळ्या रेणूंपैकी एक. तीन कड्यांचं पिवळं डोकं, खाली साखरेसारखी शेपटी. शरीरात त्याची एफएमएन आणि एफएडी ही दोन रूपं होतात, ती एन्झाइमांत बसून इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात. १९३२ साली वॉरबर्ग आणि ख्रिश्चन या शास्त्रज्ञांना यीस्टमध्ये पिवळं एन्झाइम सापडलं, त्याचा पिवळेपणा यातलाच. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळी? तीही यानेच. चला पुढे.

आता माझं दुखणं. "ताई, उन्हात रंग गेला, म्हणजे व्हिटॅमिन मेलं." अहो, रंग जाण्याचे दोन प्रकार असतात!

ही बघा. (दोन नळ्या कॅमेऱ्याजवळ) दोन्हीत रायबोफ्लेविनचं फिकट द्रावण, काठोकाठ, बूच घट्ट. या डावीत ईडीटीए घातलंय, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊ शकणारं एक रसायन. दोन्ही आमच्या रामबागेतल्या गच्चीवर ठेवल्या. इंदूरचं मे महिन्याचं ऊन, दिव्याचा खर्च नाही. डावीचा रंग उतरला. आता बूच काढून थोडी हवा घेते, आणि हलवते... आलं की नाही पिवळं परत? उजवीचा रंग जायला बराच वेळ लागला, पण ती कितीही हलवा, ढिम्म.

पटत नाही? यूव्ही टॉर्च मारा. डावी आधी हिरवी चमकायची, रंग गेल्यावर चमक गेली, हलवल्यावर परत आली. उजवी निळसर चमकतेय. ते ल्युमिक्रोम, म्हणजे शेपटी तुटून उरलेलं डोकं. म्हणजे रेणूच बदलला.

कारण सांगते. उजेड शोषलेलं फ्लेविन वखवखलेलं असतं, कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन ओढणारच. ईडीटीए असलं तर त्याच्याकडून घेतं आणि रंगहीन होतं. ऑक्सिजन आला की त्याला देऊन पुन्हा पिवळं. पण देणारं कुणी नसलं की स्वतःच्याच शेपटीवर जातं. शेपटी तुटली की परतीची वाट बंद. खरं सांगायचं तर डावीतही थोडं तुटतंच.

"मग दूध?" असं विचारणारे येतीलच. पारदर्शक बाटलीतलं दूध उन्हात ठेवू नका. बी-टू तुटतंच, वर ते ऑक्सिजनला चेतवून चवही बिघडवतं.

आणि कृपा करून "फ्लेविन एन्झाइमांना उजेड लागतो" हे लिहिणं थांबवा! ग्लुकोज ऑक्सिडेज हे एफएडीवालं एन्झाइम मिट्ट काळोखात चालतं. ग्लुकोज इलेक्ट्रॉन देतं, एफएडीचा रंग उतरतो, ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, एफएडी पुन्हा पिवळं. म्हणजे डाव्या नळीचाच फेरा, फक्त ऊन वजा. उजेडावर चालणारी मोजकीच. जिवाणूंतलं फोटोलायेज हे एन्झाइम निळ्या उजेडात डीएनएची मोडतोड दुरुस्त करतं. माणसात ते नाही, तेव्हा गच्चीवर जाताना टोपी घाला.

करून बघणाऱ्यांनो, फोटो पाठवाल तेव्हा हलवण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही पाठवा. नुसती फिकट नळी दाखवून "ताई, झालं का?" विचारलंत, तर मी काय सांगणार?