घरचं सनस्क्रीन: गाडं अडतं कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

ऊन तापायला लागलं की मोबाइलवर एक कृती हमखास फिरते. खोबरेल, कोकमाचं तेल, थोडं मेण, कोरफडीचा ताजा गर आणि चमचाभर झिंक ऑक्साइड. वितळवा, घोटा, डबीत भरा, झालं सनस्क्रीन! वर ‘केमिकलविरहित’ अशी ग्वाही. आता झिंक ऑक्साइड हे केमिकल नाही तर काय, ते जाऊ दे.

गंमत म्हणजे त्या डबीत कामाचं असतं ते तेवढंच. उन्हातले न दिसणारे अतिनील किरण दोन जातींचे: त्वचा भाजणारे यूव्ही-बी आणि खोलवर जाऊन सुरकुत्या आणणारे यूव्ही-ए. झिंक ऑक्साइड दोन्ही अडवतं. क्रिकेटपटू नाकावर, ओठांवर पांढरं थापून मैदानात उतरतात ते हेच.

मग गाडं अडतं कुठे? घोटण्यात. ही पूड इतकी बारीक असते की तिचे कण एकमेकांना धरून बसतात, पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसे. कारखान्यात ते सुटे करायला खास यंत्रं असतात. आपल्या मिक्सरचं ते काम नव्हे. घरच्या मलमाचा पातळ थर काचेवर ओढा आणि उजेडाकडे धरून बघा. बहुतेक वेळा पांढरे ठिपके दिसतील आणि मधे मोकळ्या जागा. ऊन तिथूनच आत शिरतं. ठिपके दिसले नाहीत, तरी निर्धास्त होऊ नका; पुष्कळ गुठळ्या नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

‘इतकं झिंक घातलं की एसपीएफ ३०’ असा हिशेब म्हणूनच चालत नाही. एसपीएफ म्हणजे त्वचा उन्हानं भाजण्यापासून किती बचाव होतो तो आकडा. तो मोजतात माणसांच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून, उन्हासारखे किरण टाकणाऱ्या दिव्याखाली. खोबरेलाचा एसपीएफ सात-आठ असल्याचं तुम्ही ऐकलं असेल. तो आकडा तेल अल्कोहोलात मिसळून यंत्रावर काढलेला आहे. त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नका.

कोरफडीच्या गरात पाणी असतं, त्यामुळे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं द्रव्य, नसलेल्या डबीत जंतू आणि बुरशी वाढायला वेळ लागत नाही. आणि कृतीत लिंबाचा रस असेल, तर ती सरळ पुसून टाका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड येऊ शकतात, काळे डाग महिनोन् महिने राहतात.

सनस्क्रीन विकतचंच घ्या, एसपीएफ ३० किंवा जास्त आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे यूव्ही-ए आणि यूव्ही-बी दोन्ही अडवणारं, असं लिहिलेलं. चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं लावा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. तेवढा खर्च झेपत नसेल, तर कांदा काढणाऱ्या बायकांकडे बघा: साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला घट्ट बांधलेला रुमाल. घट्ट विणीचं कापड बिनचूक काम करतं, घामानं वाहूनही जात नाही.

आणि कोकमाचं तेल, कोकणातलं आपलं मुठेल, आणलंच असेल तर रात्री फुटलेल्या टाचांना लावा. त्याला तोड नाही.

नमस्कार.