एका चौकटीत सहा गिनेस

श्रोतेहो, नमस्कार. अ‍ॅलेक गिनेस, इंग्रज नट. जन्म १९१४, लंडन. आधी जाहिरातींचा मजकूर लिहायचे, मग नाटकात आले. १९३६ पासून लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात शेक्सपिअर, युद्धात नौदल, १९५७च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी ऑस्कर. चरित्र इथेच आवरतो, कारण आज खरं तर एक शॉट सांगायचाय.

१९४९चा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’. ईलिंग स्टुडिओ, दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. गिनेसना चार भूमिका देऊ केल्या, तर ते म्हणाले, चारच का, आठ का नकोत? आणि आठ केल्या! एकाच सरदार घराण्यातला ड्यूक, बँकर, पाद्री, सेनापती, अ‍ॅडमिरल, दोन तरुण आणि लेडी अगाथासुद्धा.

त्यातले सहा जण चर्चमध्ये एकाच वेळी दिसतात. सहा जण, एकच नट, एकच चौकट. संगणक नव्हता. छायालेखक डग्लस स्लोकम यांनी भिंगापुढे काळे पडदे लावले. समजा, ड्यूकची जागा तेवढी उघडी, बाकी सगळं झाकलेलं. कॅमेरा चालवायचा, फ्रेम मोजायच्या, थांबायचं. भिंग झाकून फिल्म उलटी गुंडाळत नेमक्या पहिल्या फ्रेमवर आणायची. तोवर गिनेस रंग पुसून, टोप बदलून अ‍ॅडमिरल होऊन येणार. आता त्यांची जागा उघडी, ड्यूकची झाकलेली. असं सहा वेळा. फिल्म मात्र तीच, एकच! सहाव्या खेपेला चूक झाली तर आधीचे पाचही वाया. दिवे हलले तर एकाचा उजेड दुसऱ्याशी जुळत नाही. कॅमेरा केसभर सरकला तर दोन माणसांच्या मधे सांधा दिसतो. हे काम काही दिवस चाललं. रात्री कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्लोकम स्टुडिओतच कॅमेऱ्यापाशी झोपले!

(आपल्या मालिकांत जुळे भाऊ दाखवायचे तर एकाला चष्मा लावतात आणि दोघांची कधी गाठच पडू देत नाहीत. असो.)

पण जागा जुळवणं हे स्लोकमचं काम. सहा जण सहा वाटले पाहिजेत, ते गिनेसचं. टोप नि मिशा सगळ्यांनाच मिळतात. गिनेस मान, खांदे, चाल बदलत. पुन्हा सांगतो, मान, खांदे, चाल. आवाज त्यानंतर.

नंतरची वर्षं भराभर सांगतो: १९५९ मध्ये ‘सर’ हा किताब, १९६२ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त राजपुत्र फैसल, १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’. आणि १९८४ मध्ये दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त चक्क आपले प्राध्यापक गोडबोले! त्याच चित्रपटात रोशन सेठ आणि सईद जाफरी हे भारतीय वंशाचे नट असताना गोडबोले मात्र तपकिरी रंग फासलेले इंग्रज. हे मला तरी पटलेलं नाही. गोडबोल्यांचा नाचही चित्रित झाला होता. लीननी तो संकलनात कापला आणि गिनेस नाराज झाले.