ना सरळ, ना कुरळे

श्रोतेहो, नमस्कार. बाहेर झड लागलीय. बेळगावच्या शहापुरातून निघताना छत्री होती, रिक्षालाही पडदे होते, तरी इथं पोचेपर्यंत माझे केस फुलून दुप्पट झालेत. रेडिओवर ते तुम्हाला दिसणार नाहीत, पण आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

मी गेली सोळा वर्षं पार्लर चालवते. एवढ्या वर्षांत किती डोकी सरळ केली त्याचा हिशेब ठेवलेला नाही, नाही ठेवला तेच बरं. पहिलं डोकं माझं स्वतःचं. लग्नाच्या महिनाभर आधी रिबाँडिंग केलं. मग मुळाशी नवे केस उगवून आले की सात-आठ महिन्यांनी तेवढेच परत सरळ करायचे, असं अकरा वर्षं चाललं. मधल्या दिवसांत कुठं कार्य निघालं की वरून इस्त्री. पार्लरमध्ये आम्ही त्या मशीनला इस्त्रीच म्हणतो.

का केलं? कारण लहानपणापासून घरीदारी एकच ऐकत आले, ‘काय गे हे, डोकं का झाडू?’ आपल्या मराठीत केसांचे दोनच प्रकार. सरळ नाहीतर कुरळे. शेजारच्या कन्नड अक्कासुद्धा कुरळ्यांना ‘गुंगुरु कूदलु’ म्हणतात आणि तिथंच थांबतात. आता मधे जे असतात, ओले असताना लाटा दिसतात आणि वाळले की पिंजारतात, त्यांना काय म्हणायचं? नागमोडी हा शब्द आहे, पण तो आपण चोर्ल्याच्या घाटाला वापरतो, पोरीच्या डोक्याला नाही. मग त्या केसांना झिपऱ्या म्हणायचं, तेल थापायचं आणि घट्ट वेणी घालून मोकळं व्हायचं. अमेरिकेतल्या आंद्रे वॉकर नावाच्या केशरचनाकारानं केसांचे चार गट पाडलेत, त्यात आपला गट दुसरा, पुन्हा त्याचे अ, ब, क. माझ्याकडं येणाऱ्या कॉलेजच्या पोरी मोबाईलवर तो तक्ता दाखवून विचारतात, मी कुठली? मी सांगते, बाई, तुझ्या एकाच डोक्यावर तिन्ही प्रकार आहेत, कानामागं एक आणि टाळूवर दुसरा. तक्त्यापेक्षा आधी केस भिजव, मग बघू.

माझं मला कळलं ते २०२० साली. मार्चमध्ये सगळं बंद झालं, पार्लरला कुलूप. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावता येईना आणि माझ्या डोक्याला लावणारं कोणी नव्हतं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर, म्हणजे अर्धा इंच वाढतो. श्रावण आला तोवर मुळाशी दोन-अडीच इंच माझे खरे केस आले होते आणि खाली लोंबत होता तो अकरा वर्षांचा सरळ पडदा. एक दिवस नाहून गच्चीवर गेले, तेवढ्यात सर आली. वाळत घातलेले कपडे गोळा करण्याच्या गडबडीत केस विंचरायचे राहिले, तसेच वाळले. संध्याकाळी आरशात बघते तर वरच्या दोन इंचांत इंग्रजी एस अक्षरासारख्या नीट लाटा पडलेल्या. पिंजारलेलं काही नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर आपण हे केस वाळल्यावर विंचरत होतो! वाळलेल्या लाटेतून बारीक दातांची फणी फिरवली की लाटेतला एकेक केस सुटा होतो. झाडू जन्मानं नव्हता, तो आम्ही रोज सकाळी फणीनं तयार करत होतो.

आता सगळ्या विचारतात तो प्रश्न. सरळ केलेले केस परत पहिल्यासारखे करता येतात का? स्पष्ट सांगते, येत नाहीत. यामागचं कारण साडीवरून समजून घ्या. सुती साडीला इस्त्री केली की ती सरळ होते, पाण्यात बुडवली की इस्त्री गेली. केसांच्या आतसुद्धा असे काही कच्चे दुवे असतात. पाण्यानं सुटतात, वाळताना परत जुळतात. साध्या इस्त्रीनं किंवा ड्रायरनं केस सरळ होतात ते एवढ्यापुरतेच. पण दुसरे दुवे गंधकाचे असतात, पक्के. केस जळला की जो घाण वास येतो ना, त्यात हे गंधक असतं. रिबाँडिंगच्या पहिल्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचं द्रव्य असतं, ते हे पक्के दुवे तोडतं. मग केस ताणून इस्त्री, आणि शेवटी न्यूट्रलायझर लावून त्याच सरळ अवस्थेत दुवे परत बांधायचे. रंग चढवून पक्का करावा तसं. धुऊन जात नाही. आणि टाळूच्या बाहेर आलेला केस हा जिवंत नसतो, त्यामुळं तो स्वतःहून भरून निघत नाही. दोनशे अंशांची इस्त्री वर्षानुवर्षं रोज फिरवली तर तोही केस असाच कायमचा मोडतो. कुठलंही तेल, कुठलाही महागडा मास्क त्याला जुनं वळण परत देत नाही. मऊ करतो, चकाकी देतो, एवढंच. वळण येतं ते मुळातून, नव्या केसांतून.

केस सरळ करायचे दुसरे प्रकार म्हणजे स्मूदनिंग आणि केराटिन. त्यांच्या नावाखाली चालतं त्यातल्या काही गोष्टी आणखी वाईट. काही बाटल्यांतलं द्रव्य इस्त्री लावली की फॉर्मल्डिहाइड सोडतं. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते धरलंय. मला एकानं बाटल्या दिल्या होत्या, वर लिहिलेलं ‘फॉर्मल्डिहाइड नाही’, आणि इस्त्री टेकवताच माझे आणि गिऱ्हाइकाचे डोळे चुरचुरून पाणी. नंतर कळलं, तेच द्रव्य पाण्यात विरघळलेलं असलं की लेबलवर मिथिलीन ग्लायकॉल असं सभ्य नाव घेऊन येतं. ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या क्रीमबद्दल फ्रान्सच्या डॉक्टरांनी २०२४ साली लिहिलं, एकाच तरुणीच्या मूत्रपिंडाला तीनदा इजा झाली आणि तिन्ही वेळा ती आदल्या दिवसांत केस सरळ करून आली होती. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं हो, वाफ रोज घेतो ते आम्ही. मी ते काम बंद केलं. धंदा थोडा बसला, पण डोळ्यांना बरं वाटलं.

तर मग करायचं काय? एक रस्ता म्हणजे सरळ भाग सगळा कापून टाकायचा. दुसरा, दर दोन-तीन महिन्यांनी इंच-दीड इंच कापत जायचं. खांद्यापर्यंत नवे केस यायला दोन ते अडीच वर्षं धरा. नवा केस आणि जुना केस जिथं भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक, तुटतो तो तिथंच. मी चौदा महिने थांबले आणि मग मानेपर्यंत कापले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाल्या, ‘वाढतीलच की.’ ज्यांच्या घरी कार्य आहे किंवा पोरगी दाखवायची आहे त्यांनी घाई करू नये, फोटोतलं डोकं आयुष्यभर भिंतीवर राहतं. तोवर सैल वेणी घालावी, दोन रंगढंगाचे केस तिच्यात लपून जातात.

धुण्याबद्दल मात्र सविस्तर बोलते, कारण निम्मं काम तिथंच आहे. आमच्याकडं नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं, ते आलं नाही की बोअर. बोअरच्या पाण्यात साबण फेसाळत नाही, उलट केसांवर पांढरट चिकटा बसतो, हे तुम्ही बघितलं असेल. त्यामुळं अंगाचा साबण डोक्याला लावू नका. शेवटचे दोन तांबे तरी चांगल्या पाण्याचे घ्या. माझी आजी पावसाळ्यात पागोळीखाली घंगाळ लावायची आणि केसांना तेच पाणी वापरायची. पावसाचं पाणी हलकं असतं, तिला ते शास्त्र ठाऊक नव्हतं, केस मऊ राहतात एवढं ठाऊक होतं. पहिल्या पावसाचं नको, छपराची धूळ उतरू दे.

रात्री खोबरेल बोटभर लावा, वाटीभर नाही. तेल जास्त झालं की शाम्पूनं निघत नाही आणि लाट वजनानं बसते. सकाळी सौम्य शाम्पू फक्त टाळूला. मग कंडिशनर कानापासून खाली, आणि केस त्यात बुळबुळीत असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर गुंता सोडवायचा. विंचरायचं ते तेवढंच. यानंतर वाळेपर्यंत आणि वाळल्यावरही कंगवा नाही. धुतल्यावर केस पिळायचे नाहीत. डोकं पुढं झुकवून ओंजळीत केसांची टोकं घ्यायची आणि मूठ करत टाळूकडं दाबायची. पचपच असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर पाणी कमी आहे, आणखी तांब्याभर घ्या.

आता लाट धरून ठेवायला काहीतरी लागतं. बाजारात जेल मिळतात, पण आपल्या घरी जवस असतंच, कन्नडमध्ये अगसी, चटणीला आणतो तेच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाणी दाटतं, चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. लगेच बंद करा आणि गरम असतानाच पातळ सुती फडक्यातून गाळा. मी पहिल्या वेळी गार होऊ दिलं. फडकं पिळून पिळून मनगट दुखलं, वाटीत चमचाभर उतरलं आणि उरलेलं सगळं ओट्यावर. सासूबाई दारात उभ्या. ‘काय करूलालीस गे हे? डोक्याला खळ लावूलालीस?’

खरं सांगू, त्यांनी अगदी बरोबर नाव दिलं. ती खळच आहे. निथळत्या केसांना हे जेल लावून वर मुठीनं दाबलं आणि वाळू दिलं, की केस खळ दिलेल्या नव्या साडीसारखे कडक होतात. नवखी बाई इथं घाबरते आणि परत धुऊन टाकते. धुऊ नका. पूर्ण वाळल्यावर तळहाताला दोन थेंब तेल चोळा आणि केस मुठीत चुरगळा. खळ मोडते, लाट तेवढी राहते. जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की टाकून द्या.

पाणी टिपायला खरखरीत टॉवेल नको. घरात जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल, आमच्या वडगाव-शहापुरात ती नाही असं घर नाही. तिचा तुकडा पलंगावर पसरा, केस मधोमध ठेवून वर गाठ मारा, पंधरा मिनिटं. आणि झोपताना माथ्यावर सैल बुचडा, उशीला फाटक्या इरकलीच्या रेशमी पदराची खोळ. पंख्याखाली वाळवलं तरी चालतं. या दिवसांत मात्र केस चार-चार तास ओले राहतात, मग डोकं खाजतं, कोंडा होतो. त्यापेक्षा ड्रायरला जाळीचं पसरट तोंड लावून कमी आचेवर वाळवा.

आणि पावसाचं म्हणाल तर केस फुगणारच. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं १७८३ च्या सुमाराला हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं ते माणसाच्या केसावर चालणारं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, त्यावर काटा हलायचा. हवामानवाले पुढं कितीतरी वर्षं अशी यंत्रं वापरत होते. मग जुलैत बेळगावात राहून माझा काटा हलला तर त्यात नवल काय? ओला हात वरून फिरवायचा आणि कामाला लागायचं.

गेल्या महिन्यात खानापूरहून एक आई पोरीला घेऊन आली. ‘हिचे सरळ करून द्या, कॉलेजला जायचंय.’ मी म्हटलं, आधी एकदा धुऊन बघू, पैसे नंतर. पोरीचे केस धुतले, जेल लावलं, वाळवले, खळ मोडली. पोरगी आरशात एकदा या गालावरून, एकदा त्या गालावरून बघत राहिली. आई काही बोलली नाही. जाताना दारात थांबली, तिच्या डोक्यावर तेल चोपडून घट्ट अंबाडा होता. त्यातून सुटलेली कानाजवळची एक बट तिनं बोटानं ओढली, सोडली, ती परत वळली. ‘माझे पण असेच असतील काय ओ?’

मी म्हटलं, बुधवारी या, गर्दी कमी असते.

बरं, एक सांगायचं राहिलं. जवस गाळलेलं फडकं लगेच पाण्यात टाका. वाळू दिलंत तर ते लाकडासारखं होतं आणि मग कशानंच निघत नाही, माझी दोन गेलीत. नमस्कार.