मुंग्यांचा नकाशा

(अमळनेर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘हातापायांच्या मुंग्या आणि कायरोप्रॅक्टिक उपचार’. कायरोप्रॅक्टिकवर, म्हणजे हाताने मणके दाबून-फिरवून करायच्या उपचारावर, मी येणार आहे. पण त्याआधी जे सांगायचंय, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दारात तुम्हाला प्रत्येकाला एक कोरा कागद दिलाय. त्यावर माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून. हात-पाय ओळखू आले की झालं. आता जिथे जिथे मुंग्या येतात, बधिर वाटतं, तिथे पेन्सिलीने रेघा मारा. अगदी बोटापर्यंत. कुठलं बोट, बोटाची कुठली बाजू, सगळं.

मी इतकी मागे का लागते? कारण दवाखान्यात माणूस येतो आणि म्हणतो, "ताई, नस दबलीय." कुठे मुंग्या येतात विचारलं की म्हणतो, हातात. अहो, हात केवढा मोठा! अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यातच मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर शिरेवरचा दाब बहुतेक मनगटात असतो. त्याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू असेल तर कोपर बघायचं. मुंग्या मानेपासून दंडावरून खाली उतरत असतील आणि मान मागे झुकवल्यावर वाढत असतील, तर मग मान. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळे उपचार, आणि आपल्याकडे तिन्हींना एकच नाव, नस दबलीय.

पायाचंही तसंच. मांडीच्या फक्त बाहेरच्या बाजूला बधिर वाटत असेल तर आधी परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा सैल करून बघा. तिथली एक शीर कमरेपाशी आवळली जाते. निंदणीला दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बायकांना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला त्रास होतो. तिथे शीर हाडाला अगदी चिकटून जाते. ती दबली की पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते. अशी बाई आली की तिच्या कमरेचा एमआरआय काढला जातो. पण त्याआधी तिला काम काय करता, एवढंच विचारायला हवं होतं.

आणि दोन्ही तळपायांना एकदमच सुरू झालं असेल, बोटांपासून वर चढत असेल, गादीवर चालल्यासारखं वाटत असेल, तर आधी साखर तपासा. मधुमेहात सगळ्यांत लांबच्या शिरा आधी थकतात, म्हणून पाय आधी आणि हात नंतर. बी-12 कमी असेल तरी असंच होतं. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू, रोज सकाळी आम्लपित्ताची गोळी चालू. या दोन्ही गोळ्यांनी बी-12 आणखी कमी होऊ शकतं. मे महिन्यात आपल्याकडची फरशी कशी तापते तुम्हाला माहीत आहे. देवळात अनवाणी गेलेल्या आणि तळपायाला फोड आले तरी न कळलेल्या किती आज्या मी बघितल्यात! त्यांना कुणी कधी चप्पल काढायला लावून पाय बघितलेले नसतात. माझा राग आहे तो याचाच.

या रागाचं कारण सांगते. पारोळा तालुक्यातले एक शेतकरी. त्यांना आपण आप्पा म्हणू. कापूस लावणारा माणूस, अंगाने धडधाकट. करंगळी बधिर झाली, मग अनामिका. कुणीतरी मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. मणके झिजलेले दिसले. पन्नाशीच्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, बहुधा थोडी झीज दिसतेच, दुखत असो की नसो. पण आप्पांना सांगितलं गेलं, गादी सरकलीय, नस दबलीय. गळ्याला पट्टा लागला. पट्ट्याने काही होईना. मग मुलाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक माणूस दुसऱ्याची मान धरतो, कडकड आवाज होतो आणि ज्याची मान मोडली तो हसत उठतो. कापसाचे पैसे हातात आले होते. एका शहरात जाऊन त्यांनी अशा बैठकांचं पॅकेज घेतलं, पैसे आधीच भरून. दर बैठकीला मान फिरवायची, आवाज काढायचा, ‘मोकळं झालं’ म्हणायचं. त्या बैठकांमध्ये कुणी त्यांना शर्टाची बाही वर करायला सांगितली नाही. एकदाही नाही!

माझ्याकडे आले तेव्हा करंगळी आणि अनामिका आत वळायला लागली होती. तळहातावर विडीचा चटका होता, बरा होत आलेला. मी विचारलं, हे कधी भाजलं? त्यांना माहीतच नव्हतं. म्हणाले, "ताई, हाऊ हात मना शे असं वाटतच नही."

मी बाही वर केली. कोपराच्या मागे, आतल्या बाजूला जी शीर असते, ती बोटाला दोरीसारखी जाड लागली. दंडावर फिकट चट्टा होता. कापसाचा बोळा फिरवला, डोळे मिटायला सांगितले. चट्ट्यावर काहीच कळत नव्हतं. तो कुष्ठरोग होता.

सभागृह एकदम शांत झालं. हीच शांतता आप्पांच्या घरातही झाली. त्यांची बायको कोपऱ्यात बसून रडली, भांडी वेगळी करायची का म्हणून विचारत होती. कुणाचंही काही वेगळं करायचं नसतं. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने कुष्ठरोगाचा जंतू 1873 साली शोधला. बहुविध औषधोपचार 1980च्या दशकापासून आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. उपचार सुरू झाला की माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. 2005 अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं, आणि लोकांना वाटलं रोगच गेला. गेलेला नाही. जंतू औषधाने मरतो. पण शिरेचं नुकसान सहा महिन्यांच्या आत हाती लागलं तर भरून येण्याची आशा असते, आणि आप्पांचे ते महिने मान मोडण्यात गेले. आज त्यांचा रोग बरा आहे, बोटं मात्र पूर्ण सरळ होत नाहीत. कापूस वेचताना बोंडाचं टोक टोचलं तरी कळत नाही. त्या पॅकेजच्या पावतीवर काय लिहिलं होतं, ते मी विसरू शकत नाही: ‘मानेची नस मोकळी’.

यावरून कुणी असं समजू नये की हाताने केलेल्या उपचारावर माझा विश्वास नाही. मी स्वतः दिवसभर हातानेच काम करते. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर हलकी लाथ मारून घेतात. माझ्या आजोळी एक मावशी पायाळू होत्या. सकाळी त्यांच्या ओट्यावर रांग लागायची आणि त्या प्रत्येकाला आधी चहा द्यायच्या. लोकांना बरं वाटायचं. उसण बहुतेक वेळा आपोआपच जाते, आणि आपल्या माणसाने पाठीवर पाय ठेवला तर धीर येतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. मावशी पैसे घेत नव्हत्या आणि कुणाच्या मानेला हातही लावत नव्हत्या.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. तेव्हा आता कायरोप्रॅक्टिक, भराभर सांगते.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी 1895 साली डी. डी. पामर यांनी हार्वी लिलर्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला. तिथून ही पद्धत सुरू झाली. मणके जागचे हलतात, त्यामुळे शिरा अडतात आणि त्यातून बहुतेक रोग होतात, हे पामर यांचं म्हणणं. ते आजच्या शरीरशास्त्रात टिकत नाही. पण कंबरदुखीत मणक्यांवरच्या या उपचाराने थोडा आराम पडतो, हे अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली कंबरदुखीसाठी शेक, मालिश, व्यायाम यांच्या बरोबरीने त्याचं नाव घेतलंय. त्यांच्या बरोबरीने, वरचढ म्हणून नाही.

तो कडक आवाज कशाचा? 2015 साली कॅनडात एमआरआयमध्ये बोट ओढून बघितलं. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते, तेव्हा आवाज येतो. शीर सुटल्याचा तो आवाज नव्हे.

मधुमेहाच्या मुंग्या, बी-12च्या मुंग्या, कुष्ठरोगाचा बधिरपणा यांवर पाठीचा कणा मोडून काहीही होत नाही. मनगटाच्या त्रासाला रात्री पट्टी, गरज पडली तर इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन. कमरेतून पायात जाणारी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते.

अमेरिकेत या लोकांना चार वर्षांचं शिक्षण आणि परवाना लागतो. आपल्याकडे या पद्धतीची वेगळी परिषद नाही, त्यामुळे पाटी वाचून समोरच्याचं शिक्षण कळत नाही. विचारा: कुठे शिकलात, माझं निदान काय, ते कशावरून केलं? तपासणीआधी पॅकेज सांगितलं तर उठून या. हाडं ठिसूळ असतील, पूर्वी कॅन्सर झाला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर झटका देऊन उपचार नको. आणि मानेला झटका तर कुणाकडूनच घेऊ नका, सलूनमध्ये दाढीनंतर फुकट मोडून देतात तोही नको. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. विरळ आहेत, पण ज्याच्यावर वेळ येते त्याचं आयुष्य बदलतं.

शेवटचं. तीन प्रकारांत नकाशा काढत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. बैठकीची जागा बधिर झाली आणि लघवी अडली, तर लगेच. दोन्ही पायांचा जोर जाऊन अशक्तपणा तासातासाने, दिवसादिवसाने वर चढतोय, तर लगेच. जानेवारी 2025मध्ये पुण्यात अशाच एका आजाराची, गियाँ-बारेची, साथ आली, ती तुम्ही वाचली असेल. आणि अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर, तोंड वाकडं, बोबडी वळली, तर 108ला फोन. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला एक तास इथून धुळं किंवा जळगाव गाठण्यातच जातो. त्रास रात्री अकराला सुरू झाला, तर रात्री अकरालाच निघा.