एडविन अर्नोल्ड : विश्रामबागवाडा ते फ्लीट स्ट्रीट

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘अर्नोल्ड आणि पुणे’ असा छापला आहे. पुण्यात पुण्याविषयी बोलायचे म्हटले की सभागृह भरते, हे संयोजकांना ठाऊक असणार. मात्र ‘द लाइट ऑफ एशिया’ या बुद्धचरित्रपर काव्याचा कवी म्हणून आपण ज्याला मिरवतो, तो सुमारे चाळीस वर्षे लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाचा पत्रकार होता, ही बाब आपल्याकडे एका वाक्यात उरकली जाते. हे माझे जुने दुखणे असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

१८३२ साली केंटमध्ये जन्मलेला आणि ऑक्सफर्डमध्ये काव्याचे पारितोषिक मिळवलेला हा तरुण पंचविशीत विश्रामबागवाड्यातल्या सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. १८६१ मध्ये तो लंडनला, फ्लीट स्ट्रीट या वृत्तपत्रांच्या रस्त्यावर, ‘टेलिग्राफ’चा अग्रलेखक म्हणून रुजू झाला आणि १८७३ मध्ये त्याचा संपादक.

आता माझी आवडती गोष्ट. डिसेंबर १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ याने निनवे या प्राचीन असिरियन राजधानीत (आजच्या इराकमध्ये) सापडलेल्या मातीच्या विटेवरची जलप्रलयाची कथा एका विद्वत्सभेत वाचून दाखवली. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. (मनू आणि मासा ठाऊक असलेल्या आपल्याला तिचे एवढे अप्रूप वाटले नसते.) त्या कथेचा काही भाग तुटलेला होता. विद्वान हळहळले, अर्नोल्डला मात्र त्यात बातमी दिसली. वृत्तपत्राच्या मालकांच्या वतीने त्याने एक हजार गिनी देऊ केल्या, अट एवढीच की स्मिथने स्वतः जाऊन उरलेला भाग शोधावा. ढिगाऱ्यात सुई शोधण्याचाच हा प्रकार होता. तरी मे १८७३ मध्ये निनवेत खोदकाम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, तोच दिवसभरात सापडलेले तुकडे झटकत असताना प्रलयाच्या सतरा ओळी स्मिथच्या हाती आल्या! त्याने आनंदाने तार केली आणि तिथेच फसला. कारण हवे ते मिळाल्यावर मालकांना पुढच्या खर्चाचे प्रयोजन उरले नाही. छापलेल्या तारेत हंगाम संपत आल्याचा मजकूर होता, जो आपण लिहिलाच नव्हता, अशी तक्रार स्मिथने पुढे पुस्तकात नोंदवली. तारेत भर घालण्याची ही विद्या आपल्या संपादकांनी कुठून उचलली, हे मी विचारणार नाही. विशेष म्हणजे तो तुकडा प्रलयाच्या वेगळ्याच पाठातला असल्याचे पुढे ठरले. म्युझियमच्या यादीत मात्र तो आजही वर्तमानपत्राच्या आद्याक्षरांनी, ‘डीटी ४२’ म्हणून, नोंदलेला आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तेव्हा छापील विषय आता धावतच मांडतो. अर्नोल्डच्या काव्याला पुण्याने सामग्री दिली आणि वृत्तपत्राने रीत, असे माझे म्हणणे आहे. १८५९ मध्ये त्याने संस्कृत, इंग्रजी आणि मराठी शब्दसूचीसह ‘हितोपदेश’ मुंबईत छापला. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही केला. १८७९ मध्ये बुद्धचरित्र आले. फुरसत नसलेल्या दिवसांमधल्या थोड्याथोडक्या अवकाशात ते रचल्याचे तो प्रस्तावनेतच सांगतो. अनोळखी विषय सामान्य वाचकाला पहिल्याच बैठकीत कळावा, ही अग्रलेखकाची सवय त्यात ठायीठायी दिसते. १८८५ मध्ये गीतेचा अनुवाद आला. लंडनमध्ये शिकणाऱ्या गांधीजींनी गीता प्रथम वाचली ती याच इंग्रजी पद्यात. नंतर लंडनच्या बेजवॉटर भागात शाकाहारी मंडळ काढले, तेव्हा तिथेच राहणाऱ्या अर्नोल्डला त्यांनी उपाध्यक्ष केले आणि स्वतः चिटणीस झाले. ते मंडळ काही महिन्यांतच बंद पडले, कारण चिटणीसांनी बिऱ्हाड हलवले.